आत्याबाईंच्या घोट्यावरची बोटं

अंगात येणं, उतारे, अंगारे… या कशावरच माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मराठी सातवी पास झालेली मी, असलं काही कानावर आलं की हसायची. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितेय.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची गोष्ट. भाटघर धरणाजवळ आमचं गाव. आमचे ‘हे’ पलटणीत होते, आफ्रिकेत. बेपत्ता आहेत, एवढंच सरकारकडून कळलं होतं. घरात मी आणि माझ्या सासूबाई. आत्याबाई म्हणायची मी त्यांना.

आत्याबाईंना मधुमेह. पायाची जाणीव पार गेलेली, तळव्यात काटा मोडला तेही त्यांना कळलं नाही. जखम चिघळली, वास मारायला लागली, घोटा सुजून टम्म झाला. बैलगाडीत घालून भोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पायाला सुई टोचली — आत्याबाई ढिम्म!

“पुण्याला नेऊन पाय कापावा लागेल,” डॉक्टर म्हणाले.

“कापायचा न्हाई. माजा सदू आला की म्या त्याला आनाया रस्त्यापतुर चालत जानार हाय,” आत्याबाई म्हणाल्या. सदू म्हणजे आमचे ‘हे’.

 मग डॉक्टरांनी ब्लीचिंग पावडर आणि बोरिक घालून केलेलं औषधी पाणी दिलं. रोज जखम त्यानं धुवायची, त्यातच भिजवलेली पट्टी आत भरायची. गूळ बंद, भात बंद. “बघू,” एवढंच म्हणाले.

एका दुपारी ओसरीवर मी पाय धूत होते. एका हातानं तो जड पाय घमेल्यावर उचलून धरायचा, दुसऱ्यानं पाणी सोडायचं. पट्टी घ्यायला म्हणून मी हात काढला… आणि पाय खाली आलाच नाही. तसाच अधांतरी!

“आत्याबाई, तुमी धरलाय व्हय वर?”

“म्या कशाला? सदूनं धरलाय की.” कित्येक महिन्यांनी त्या हसल्या होत्या. “लई गार हायेत गं त्याचं हात.”

अंगणात चिटपाखरू नव्हतं. मी पट्टी भरली. मग पाय अलगद पाटावर टेकला… सुजेवर बोट दाबलं की खळगा पडतो ना, तसे घोट्यावर बोटांचे खळगे होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला अंगठा. मी माझी बोटं त्यांत ठेवून पाहिली. खळगे रुंद होते. तो पंजा मला ठाऊक होता.

“त्यांनी माजं काई इचारलं का?” न राहवून मी म्हटलं.

“काय बी बोलला न्हाई, पोरी.”

खळगे हळूहळू भरून आले. मी बोटं काढली नाहीत.

पुढे जखमेला लाल, स्वच्छ मांस आलं, पाय वाचला. आत्याबाई रोज रस्त्यापर्यंत जाऊन यायच्या. ‘हे’ आले नाहीत. आत्याबाईंना पायाला गार लागलं, एवढंच मी डॉक्टरांना सांगितलं; क्वचित पायाची जाणीव थोडी परत येते, असं ते म्हणाले. खळग्यांचं मी त्यांना सांगितलंच नाही.

हे काय होतं, मला आजही उमगलेलं नाही. ते आले असतील, तर आईसाठी आले. त्याचं वाईट वाटत नाही… पण मी समोरच तर बसले होते हो.