सातव्या खड्यापर्यंत

माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच चौकीवर होती. मी कुक. गाव जत तालुक्यात, घरची मेंढरं. नववीत असताना मेंढरांमागं कर्नाटकात गेलो, तो शाळेत परत बसलोच नाही. आठवी पासवर फौजेत भरती झालो.

घरी मात्र फोनवर सांगून बसलो होतो, की अभ्यास चालू आहे, अधिकारी होणार. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ते गावभर केलं. त्या धास्तीनं रजेवरून येताना सांगलीहून अधिकारी परीक्षेचं जाडजूड गाईड आणलं. ते आमच्या हवालदार सपकाळांच्या नजरेला पडलं. हवालदार सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याचे; आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

"किती वाचलंस?"

"अकरा पानं, उस्ताद."

"कळली किती?"

मी गाईड मिटलं.

"लय मोठा सायेब हाईस रं. उद्या पेट्रोलला चल, माणूस कमी हाय."

सकाळी ०६१० ला पाच जण गस्तीवर निघालो. मला पेसर केलं, म्हणजे अंतर मोजणारा. शंभर मीटरची पावलं झाली की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात. काम सोपं वाटलं. अण्णा मेंढरं अशीच मोजायचे. खिंडीपासून मोजून दहाव्या खड्याला उजवीकडं वळायचं होतं. सरळ गेलं तर कडा.

०८४० ला धुकं उतरलं. पुढचा माणूस दिसेना. माझं डोकं घरी आणि त्या गाईडात. भानावर आलो तेव्हा पावलं विसरलेली. अंदाजानं एक खडा टाकला. मग आणखी एक. कुणाला बोललो नाही.

वायरलेस सेट खरखरला. "लोकेशन बताओ, ओव्हर."

उस्तादांनी विचारलं, "किती झाले?"

"नऊ."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "खरं?"

"न्हाई उस्ताद. मोजणी चुकली."

"खात्री कुठवर हाय?"

"सातपतूर. तितं फुटका खडक हुता."

सेटवर ते एवढंच म्हणाले, "वेट, आउट." म्हणजे थांबा, नंतर सांगतो. मग मला, "चल, सातवर."

बर्फातल्या आमच्याच पाऊलखुणांवरून खडकापर्यंत मागं आलो. तिथून पुन्हा मोजलं. दहाव्या खड्याला वळण लागलं. आमच्या आधीच्या खुणा ते वळण सोडून सरळ पुढं गेल्या होत्या.

१४३० ला चौकीवर पोचलो. शिव्या पडतील असं वाटलं. चहा पिताना उस्ताद म्हणाले, "आणि शाळंची खात्री कुठवर हाय?"

"आठवी."

"मग तितनं चाल, गड्या. सायेब मागनं व्हशील."

गाईड त्यांनी माझ्या किचनच्या डुगडुगत्या टेबलाखाली सारलं. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म समोर बसून भरून घेतला, रजेची शिफारस केली. घरी फोन करून मी खरं सांगितलं. अण्णा म्हणाले, "धावी तरी व्हईल न्हवं?"

परीक्षेचं केंद्र सांगलीत होतं. गणिताच्या आदल्या संध्याकाळी चौकीवरून फोन आला. पेट्रोलवर बर्फ कोसळलं. हवालदार सपकाळ गेले.

सकाळी केंद्रावर गेलो. पेपर दिला. अडतीस मिळाले.

आता निवृत्त होऊन हैदराबादेत एका गेटवर ड्यूटी करतो. बारा बारा तास उभं राहून पाय भरून येतात. दहावी झाली, बारावी झाली. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. ते निघतील का, याची धास्ती आहेच.

वर्षातून एकदा मेढ्याला जातो. उस्तादांच्या फोटोला हार घालतो. वहिनी चहा देतात आणि विचारतात, "भावजी, कुठवर आलासा?"

मी खात्रीचं तेवढंच सांगतो.