छाप पाच

दवाखान्यात तिला सगळे मूठवाल्या बाई म्हणत. हात मोडलेले, लकवा झालेले पेशंट समोर बसले की ती त्यांच्या हातात मुठीची ताकद मोजायचं दांड्याचं यंत्र द्यायची आणि म्हणायची, "आवळा. अजून. सोडा." काटा जिथे थांबेल तो आकडा कागदावर. तीन वेळा मोजायचं, सरासरी काढायची. बावीस वर्षं तिने हेच केलं होतं.

तिचा दादा चष्मेवाला. एका गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवत असताना तो खुर्चीवर टेकला आणि संपला. चौथ्या दिवशी ती कामावर हजर. "रजा घ्या की बाई," असं सगळे म्हणाले. घरी बसून काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. वहिनी गळ्यात पडून रडली तेव्हासुद्धा हिचं लक्ष वहिनीच्या वर राहिलेल्या उजव्या खांद्याकडे.

दादाच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी खेळ चालायचा. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, आणि गोष्ट पुढे न्यायची. जमेल की फसेल ते फासे ठरवणार. दादा गोष्ट सांगायचा. गणिताचे सर आणि बस चालवणारे भाऊ हे त्याचे जुने भिडू. "एकदा ये गं," असं दादा अकरा वर्षं म्हणत होता आणि ती अकरा वर्षं "पुढच्या शनिवारी" म्हणत होती.

दीड महिन्याने सरांचा फोन आला. "ताई, खेळ मोडायचं जिवावर येतंय. गोष्ट मी सांगीन. तुम्ही याल का?"

नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. ती हो म्हणाली.

खोलीत चष्म्यांची खोकी छतापर्यंत रचलेली. सरांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "प्रत्येक पात्राला सहा आकडे. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप, म्हणजे माणसं जोडायची कला. ते कसे ठरवायचे यावरच आमची भांडणं. माझं म्हणणं, सगळ्यांना सारखे गुण द्यावेत, ज्याने त्याने वाटून घ्यावेत. एकीकडे वाढवले की दुसरीकडे कमी. न्याय्य!"

"न्याय्य कसलं, दुकानदारी," भाऊ म्हणाले. "चार फासे टाका, सगळ्यात लहान काढून टाका, उरलेल्यांची बेरीज. सहा बेरजा झाल्या की हव्या तिथे लावा. थोडं नशीब, थोडी मर्जी."

"आणि दादा?"

"तो कर्मठ," भाऊ म्हणाले. "तीनच फासे, बेरीज येईल ती मुकाट्याने लिहायची, क्रमसुद्धा बदलायचा नाही. जन्माला येताना कोण विचारतं, म्हणायचा."

सर जुन्या पात्रांची फाइल चाळत होते. एका जुन्या कागदावर थांबले, आणि तो झाकू की नको असं त्यांचं झालं. तेवढ्यात तिने पाहिलंच. वर दादाच्या अक्षरात 'ताई'; धाकटी असूनही तो तिला ताईच म्हणायचा. खाली ताकद सोळा, चपळाई नऊ, काटकपणा बारा, बुद्धी अकरा, शहाणपण तेरा, छाप पाच.

तिने तो कागद दोनदा वाचला. तीन फासे म्हणजे कमीत कमी तीन, जास्तीत जास्त अठरा, एवढा हिशोब तिला कळत होता.

"म्हणजे मी त्याला अशी वाटायचे," ती म्हणाली. आवाज पेशंटचा आकडा सांगावा तसा.

"छे हो!" भाऊ घाईने म्हणाले. "तो आकडा फाशांचा. तुम्ही येणार म्हणून त्याने पात्र तयार ठेवलं. फासे मी टाकले, त्याने फक्त लिहिलं."

 दादाने मनाने दिलेला पाच असता तरी चाललं असतं, असं तिला वाटून गेलं. या कागदात त्याचं मत कुठेच नव्हतं.

"पाच आल्यावर काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, हिला सांगू नका, कधीच यायची नाही."

"आणि बदलला नाही?"

"तो? बदलणार?"

सरांनी नवीन फासे पुढे केले. तिने नकारार्थी मान हलवली आणि तोच जुना कागद घेतला.

तिची ताई-योद्धा दणकट निघाली. दरवाजे खांद्याने पाडायची, पण बोलायला तोंड उघडलं की पहारेकरी तलवार उपसायचे. भाऊंना हसू आवरेना. ती हसत नव्हती, पण दर शनिवारी येत होती. सातव्या शनिवारी योद्ध्याने पुलावर एकट्याने वाट अडवून धरली. फासा टाकला, सगळ्यात कमी, एक. पूल गेला, योद्धा गेला.

 सरांनी चष्मा काढून पुसला. भाऊ फासे गोळा करत राहिले. ही रडेल, अशी दोघांनाही भीती होती.

"संपलं ना?" तिने विचारलं.

"संपलं, ताई. तुम्ही म्हणाल तर मी पुन्हा..."

"नको. कोरा कागद द्या."

"कसं ठरवायचं? तीन फासे?"

"तुमचे गुण द्या. वाटून घेते."

भाऊ कपाळावर हात मारून म्हणाले, "गेल्या ताईसुद्धा सरांच्या पार्टीत!"

वाटून घ्यायला तिला अर्धा तास लागला. ताकद कमी केली, पुन्हा वाढवली. खोडरबराचा भुगा कागदावर साचला. छाप बारावर नेली, मग तेरावर, आणि त्यासाठी चपळाईतून काढलं. मध्येच तिने मान वर केली.

"भूक लागलीय मला. काही आहे का इथे?"

भाऊंनी बिस्किटांचा पुडा फोडला. तिने एकामागून एक सहा खाल्ली, हात झटकले आणि पुन्हा पेन्सिल उचलली.