संडासाच्या दाराची गिटार

हजेरीपटावर त्यांचं नाव काहीही असो, शाळेत त्या शीबाई. सुतारकाम शिकवायच्या, आणि दिवसभरात 'शी' हा शब्द इतक्या तऱ्हांनी काढायच्या की नव्या पोरांना तो रंधा-पटाशीसारखा हत्याराचाच एक प्रकार वाटावा. सरसाच्या भांड्यावर कातडं धरलं, शी. बाकावरच्या फडक्याला कुणी नाक पुसलं, शी. सांध्यातून सरस ओघळून तसाच वाळला, तर दोनदा शी, आणि दुसरी नाकातून.

सगळ्यांत मोठी शी त्या वार्षिक प्रदर्शनासाठी राखून ठेवत. प्रदर्शनात पोरांच्या नावाखाली बापांची कामं मांडली जातात, याचा त्यांना उबग आला होता. म्हणून त्यांनी स्वतःचा एक रिवाज पाडला होता. त्यांच्या कपाटात एक लोखंडी दांडा होता, टोकाला एवढंसं पान कोरलेला. काम पोराच्याच हातचं आहे याची खात्री पटली की बाई तो दांडा सरसाच्या शेगडीवर तापवत आणि वस्तूच्या पाठीवर डाग देत. डाग नाही तर वस्तू टेबलावर नाही, आणि टेबलावर नाही तर सुतारकामात पोरगं नापास.

एका वर्षी एक वडील मोटारीच्या डिकीतून दुमजली बंगला घेऊन आले. गच्चीत दिवे, बागेत कारंजं. बाईंनी मुलाला विचारलं, "ही कमान कशानं कापलीस रे?"

मुलगा वडिलांकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडे काय बघतोस? त्यांना पास करू का मी?"

बंगला आला तसा डिकीतून परत गेला.

ही चीड आली कुठून, ते फक्त त्यांच्या वहिनींना ठाऊक होतं. बाईंनी लग्न केलं नाही. दादा गेल्यापासून नणंद-भावजय दोघीच एका घरात राहत, एकमेकींचे दोष तोंडपाठ असलेल्या. स्वयंपाकघरात एक स्टूल होतं. शाळेत असताना बाईंनी ते केलेलं. एक पाय आखूड होता आणि ते डुगडुगायचं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दादानं मायेपोटी चारही पाय सारखे केले, वरची फळी रंधून आरशासारखी केली, आणि स्टुलाला पहिलं बक्षीस मिळालं. त्या दिवसापासून बाई त्या स्टुलावर बसल्या नाहीत. वहिनी मात्र रोज त्याच्यावर बसून भाजी निवडत.

तर अशा बाईंच्या पुढ्यात एक दिवस टाचणी येऊन उभी राहिली. नववीतली पोर, अंगानं इतकी किडकिडीत की हे नाव वर्गानं एकमतानं दिलेलं.

"बाई, मला प्रकल्पाला इलेक्ट्रिक गिटार करायचीय."

"वाजवता येते?"

"नाही."

"मग कशाला हा उपद्व्याप?"

"आधी असायला तर पाहिजे ना, बाई. नसलेली कशी वाजवणार?"

"दुकानात मिळते."

"ती दुकानाची झाली."

बाईंना हे उत्तर आवडलं. तोंड मात्र त्यांनी कारलं चावल्यासारखंच ठेवलं. "लाकूड वाळलेलं लागेल. ओलं वापरलंस तर महिन्याभरात पापडासारखं वाकेल. माझ्याकडे आहे ते सगळं ओलं."

टाचणी शाळाभर हिंडली आणि परत आली ती मागच्या नळाशेजारी टेकवून ठेवलेल्या दारांवर बोट ठेवून. मुतारी-संडासांना नुकतीच प्लॅस्टिकची दारं बसवली होती, आणि जुनी लाकडी भंगारवाल्याची वाट बघत उभी होती. जाड फळ्या, जाड चौकट. इतकं मुरलेलं लाकूड शाळेत दुसरीकडे कुठे नव्हतं. बाईंना ते कळत होतं, म्हणून जास्तच मळमळलं.

"हे? माझ्या वर्गात? शी शी शी!"

"धुते ना, बाई."

"धुऊन काय होतंय? पिढ्यानपिढ्यांचं आहे ते."

पण नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं, नुसती किळस होती. आणि किळस हे कारण धरलं तर सुतारकामाचा वर्गच बंद करावा लागला असता. दार आलं. टाचणीनं ते फिनाइलनं घासलं, उन्हात टाकलं, पुन्हा घासलं. मग रंग खरवडायला घेतला. हिरव्याखाली राखाडी, राखाडीखाली कसलातरी पिवळट, आणि दर थराखाली पोरांनी लिहून ठेवलेली मुक्ताफळं. कडीजवळ च्युइंगगमचे गोळे होते, दगड झालेले, एकात दाताचा ठसासुद्धा. बाई नाकाला रुमाल लावून लांबून सूचना देत होत्या. खरी परीक्षा रंधा चालवताना झाली. घासून लाकूड तापलं आणि आत जिरलेलं सगळं एकदम वर आलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून सरळ घरी गेला.

खालच्या फळीवर चाकूनं खोल कोरलेलं एक तोंड निघालं. लांब नाक, नाकाला चिमूट, आणि खाली 'शीबाई'.

टाचणीनं जीभ चावली. बाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"नाक जरा मोठं झालंय. रंधा मार त्यावर."

"फार खोल आहे, बाई. तेवढं काढलं तर फळी पातळ होईल, आतली तार-बीर बसणार नाही."

"मग पाठीकडे घे. निदान माझ्या तोंडावर तारा ओढू नकोस."

पोरगी चिवट होती. शाळेची जुनी विजेची घंटा भंगारात गेली होती. तिच्यातली केसाएवढी तार सोडवून टाचणीनं आईच्या शिलाई मशीनवर, बॉबीन भरतात तशी, बारक्या लोहचुंबकांभोवती गुंडाळली. तारा वाजल्या की त्यांचा थरकाप टिपणारं यंत्र ते हेच. मग ते कर्कश ओरडू नये म्हणून पातळ केलेल्या मेणात बुडवलं, आणि तेही बाईंच्या सरसाच्या भांड्यात. त्या दिवशी बाईंनी किती वेळा शी केलं ते विचारू नये. घरी काम न्यायची सोयच नव्हती. टाचणीच्या आजीनं बजावलं होतं, "संडासाचं दार उंबऱ्याच्या आत आलं तर मी उंबऱ्याच्या बाहेर जाईन." म्हणून धड, मान, सगळं वर्गातल्या फडताळावरच राहायचं.

मान म्हणजे गिटारचा लांब दांडा, ज्यावर डाव्या हाताची बोटं चालतात. ती टाचणीनं दाराच्या चौकटीच्या उभ्या पट्टीतून काढली. तिच्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या बसतात, त्यांना फ्रेट म्हणायचं. त्या ठरल्या जागीच हव्यात, नाहीतर सूर बेसूर. टाचणीनं सगळी अंतरं हिशोब करून एका कागदाच्या पट्टीवर उतरवली होती, सगळी वरच्या टोकापासून मोजलेली. पहिल्या दोन खाचा तिनं करवतीनं पाडल्या. दोन्ही तिरक्या आल्या, डुलत आल्यासारख्या. आणि मग पोरगी तापानं पडली.

आता बाईंची गोष्ट सुरू होते. फडताळावर ती मान रोज दिसायची. दोन तिरक्या खाचा, आणि पुढे कोरी जागा. येता-जाता बाईंच्या डोळ्यांत कुसळ जावं तसं व्हायचं. घरी चहाच्या वेळीही तेच.

"प्रदर्शन तोंडावर आलंय, आणि पोरीनं खाचा कसल्या पाडल्यात, शी! उंदरानं कुरतडल्यासारख्या."

वहिनी स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. "तुमची आहे का गिटार?"

"नाही."

"मग उंदराला कुरतडू द्या की. वन्सं, तुम्हांला दुसऱ्याचं वाकडं बघवत नाही, ही एक खोडच आहे."

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंनी मान खाली काढली. नुसतं बघायला. मग गुण्या लावला, नुसतं तिरकेपण मोजायला. मग करवत घेतली, नुसती एक खाच पाडून पोरीला नमुना ठेवायला. एक पाडली ती इतकी सुरेख उतरली की हात थांबेचना. बाई आयुष्यभर कपाटांचे कप्पे आखत आल्या होत्या. कप्पा आखायची त्यांची एकच रीत: अंतर कर्कटकात धरायचं आणि आधीच्या खाचेच्या कडेपासून पुढे टाकायचं. टाचणीच्या कागदी पट्टीवरून एकेक अंतर उचलून तसंच केलं. सगळ्या खाचा पाडून झाल्या तेव्हा मान शिसपेन्सिलीनं आखल्यासारखी दिसत होती. घरी जाताना बाई चक्क गुणगुणत होत्या.

टाचणी बरी होऊन आली. मान हातात घेतली, आणि तिचा चेहराच पुसला गेला.

"हे कुणी केलं?"

"एवढंसंच केलंय मी. तुझा वेळ वाचावा म्हणून."

टाचणीनं आपली कागदी पट्टी मानेवर ठेवली. वरच्या खाचा जुळल्या. मग जरा सरकल्या. मग आणखी. मधोमध येईपर्यंत खाच एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. करवतीचं पातं दर खाचेत आपल्या जाडीएवढं लाकूड खातं, आणि बाई त्या खाल्लेल्याच्या पुढून मोजत गेल्या होत्या. कपाटाच्या कप्प्याला तेवढं चालून जातं. सुराला चालत नाही. सगळ्या खाचा सरळ, देखण्या आणि चुकीच्या.

"मी नवी मान करून देते," बाई घाईनं म्हणाल्या. "उद्यापर्यंत."

टाचणीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत रडू नव्हतं, राग नव्हता. दारातलं च्युइंगगम काढताना होतं ना, ते होतं.

"शी, बाई," ती हळूच म्हणाली, आणि दप्तर उचलून गेली.

शाळेत बाईंना पाठीमागून शेकडो वेळा शी म्हटलं गेलं असेल. तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणणारीचं बरोबर होतं, हे त्यांच्या अंगाला पाल चढावी तसं झोंबलं.

त्याच दुपारी मुख्याध्यापक पाहणीला आले. "वा! ही मान काय सुरेख झालीय! लावा डाग, बाई."

"चुकलीय ती. आणि पोरीची नाही, माझी आहे."

"पाहुण्यांना काय कळतंय? टेबलावर उठून दिसेल. मात्र ते दार कुठलं, हे तेवढं सांगू नका. पाहुणे हात लावणार."

इतक्या वर्षांत डिकीतून आलेले सगळे बंगले बाईंच्या डोळ्यांपुढून गेले. त्या दिवशी त्यांना मुख्याध्यापकांची शिसारी आली, पण फार नाही. बरीचशी स्वतःसाठीच खर्च झाली होती.

घरी गेल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. वहिनी स्टुलावर.

"वहिनी, स्टुलाबद्दल दादा कधी काही बोलला होता?"

"एकदाच. म्हणाले, 'एवढंसंच केलं होतं मी, आणि ती अजून नीट बोलत नाही.'" वहिनींनी वर पाहिलं. "काय करून आलात, वन्सं?"

बाईंनी सांगितलं. वहिनी हसल्या नाहीत, हे विशेष. नुसतं म्हणाल्या, "मग आता त्या पोरीच्या वाटेत जाऊ नका. समजूत घालायलासुद्धा. तुमची समजूत म्हणजे पुन्हा रंधाच."

दोन दिवस टाचणी वर्गात फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली, दाराच्या चौकटीची उरलेली दुसरी उभी पट्टी ओढत. बाईंशी बोलली नाही. बाई आपल्या टेबलाशी हात पाठीमागे बांधून बसल्या, अक्षरशः बांधून. रुमालाची गाठ मारली होती, असं शिपाई सांगतो. रंधा उलट्या रेषेनं चालला, लाकडाच्या ढलप्या उडाल्या, बाई बोलल्या नाहीत. पोरीनं प्रत्येक खाच वरच्या टोकापासून मोजली आणि तिरकी पाडली. सरस भळाभळा ओघळला आणि तसाच वाळला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

प्रदर्शनाच्या सकाळी गिटार पुरी झाली. इतकी कुरूप वस्तू त्या वर्गात पूर्वी झाली नव्हती. रंग उतरला तिथे ढग-ढग, मान किंचित कलती, पट्ट्या दारुड्यानं ठोकल्यासारख्या. टाचणीनं ती शाळेच्या ध्वनिवर्धकाला जोडली आणि एका तारेवर बोट खालपासून वरपर्यंत नेलं, एकेक पट्टी घेत. मध्ये जरा खरखर झाली. सूर मात्र पायरीवर पाऊल पडावं तसे जागच्या जागी पडले.

बाईंना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण जागच्या जागी म्हणजे काय ते कळत होतं. त्यांनी शेगडी पेटवली.

"पालथी कर."

टाचणीनं गिटार पालथी केली. लांब नाकाचं ते तोंड वर आलं. बाईंनी लालबुंद दांडा त्याच्या शेजारी टेकवला. धूर निघाला, आणि त्या धुरात दाराचा तो जुना वास पुन्हा एकदा उठला. दोघींनी एकदमच नाकं धरली.

"शी," बाई म्हणाल्या.

"शी," टाचणी म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

प्रदर्शनात एका पाहुण्या बाईंनी गिटारवर हात ठेवून विचारलं, लाकूड कुठलं गं? टाचणीनं खरं ते सांगितलं. हात विंचू चावल्यासारखा मागे गेला, मुख्याध्यापकांनी कपाळ पुसलं, आणि शीबाई पोरांना आयुष्यात एकदाच दिसल्या तशा, दात दाखवून हसल्या. बक्षीस एका पाळण्याला गेलं.

ती देखणी मान बाईंनी बाकाच्या वर भिंतीवर टांगली. पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी कुणीतरी नवं पोर बोट दाखवून विचारीच.

"बाई, ही कुणाची?"

"माझी."

"मग हिच्यावर डाग का नाही?"

"पहिल्या दोन खाचा बघ. त्या माझ्या नाहीत. आणि बोट खाली कर, आधी नाक पूस. फडक्याला नाही! शी!"