चूक लेकीची, धाव कोचबाईंची

जेद्दात माझ्या लेकीला बास्केटबॉल शिकवायला आलेल्या कोचबाई चिनी होत्या. तिकडे मोठ्या संघातून खेळलेल्या. गुडघा गेला, खेळ सुटला आणि त्या कोच झाल्या. पण त्यांची एक पद्धत बघून माझं डोकंच फिरलं. एखाद्या पोरीचा फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता बास्केटमध्ये टाकायचा चेंडू, चुकला, की कोचबाई स्वतः मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत पळायच्या. त्यांच्या वेळचे कोच चुकल्यावर पोरींना पळवायचे म्हणे. यांनी तेव्हाच ठरवलं होतं, शिकवणार मी, तर चूकही माझी.

आणि सगळ्यात जास्त फ्री थ्रो कुणाचे चुकायचे? आमच्या बाईसाहेबांचे!

"अगं, लाज कशी वाटत नाही? तुझ्यापायी ती बाई लंगडतेय!" गाडीत बसल्याबसल्या मी सुरू व्हायचे.

"मम्मी, प्लीज. आय नो." एवढंच म्हणून पोरगी खिडकीकडे तोंड करून रडायची. घरी आली की जेवायच्या आधी पार्किंगमध्ये चेंडू घेऊन उभी. शेजाऱ्यांनी कटकट केली, तर मीच भांडायला जायचे.

मोसम संपत आला तेव्हा क्लबवाल्यांनी कोचबाईंना सांगितलं, शेवटचा सामना जिंकलात तर करार वाढेल, नाहीतर खलास, घरी जा. माझ्या लेकीला दोन दिवस घास गेला नाही.

सामना बरोबरीत आला. अगदी शेवटी समोरचीने माझ्या लेकीला धक्का दिला, शिटी वाजली आणि हिला दोन फ्री थ्रो मिळाले. या अल्ला, हिलाच का!

पहिला रिंगला आपटून बाहेर. मी कोचबाईंकडे पाहिलं, तर त्या खाली वाकून बुटाची नाडी घट्ट करत होत्या. लेकीनेही ते पाहिलं. तिने ओठ आवळले आणि दुसरा थेट जाळीत!

सामना आमचा! नुसता कल्ला उठला. पोरी कोचबाईंना उचलायला धावल्या, पण त्यांनी हातानेच सगळ्यांना थांबवलं. त्या टोकाच्या रेषेवर गेल्या आणि पळायला लागल्या. पहिला चुकला होता ना!

मग माझी लेकही रेषेवर गेली आणि त्यांच्या लंगड्या पावलाला पाऊल लावून शेजारून पळू लागली. शेजारच्या अनोळखी सौदी बाईचा हात धरून मी उठून उभी राहिले आणि मराठीतच ओरडले, "ती बघा, ती माझी पोरगी! आणि त्या तिच्या कोचबाई!"

तिला काय कळलं कोण जाणे, पण तीही माझ्याबरोबर उभी राहिली.