मौनींच्या सलूनमधली कोळंबी

न्हावी म्हटला की कात्रीबरोबर त्याची जीभही चालणार, असं सगळेच धरून चालतात. हे गृहस्थ मात्र त्यातले नव्हते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मानेभोवती कापड गुंडाळायचं, आरशातून भुवया उंचावून 'किती कमी करू?' एवढं नजरेनं विचारायचं आणि कामाला लागायचं. त्यानंतर आवाज फक्त कात्रीचा. गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव मौनी ठेवलं होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, कारण तक्रार करायची तर बोलावं लागलं असतं.

हात मात्र इतका हलका की माणसाला खुर्चीत डुलकी लागावी. त्यामुळे ज्यांना शांतता हवी ते मौनींकडे येत आणि ज्यांना गप्पा हव्या असत ते समोरच्या फुटपाथवरच्या सलूनमध्ये जात. ते सलून मौनींच्या मेव्हण्याचं. कात्री धरायला तो मौनींकडेच शिकला होता, बोलणं घरून घेऊन आला होता. त्याच्या बहिणीचं, म्हणजे मौनींच्या बायकोचंही तेच. घरात दोघांच्या वाटचं ती एकटी बोलायची, आणि संसार छान चालला होता.

सलूनच्या वरच्या मजल्यावर नकाशे काढणारा एक भाडेकरू राहायचा. त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सामान बांधता बांधता तो खाली आला आणि म्हणाला, माझी माशाची टाकी तुम्ही ठेवून घ्या, एवढ्या लांबच्या प्रवासात मासा जगायचा नाही. नाही म्हणायचं तर कारणं द्यावी लागली असती. मौनींनी मान डोलावली. संध्याकाळी वाट बघण्याच्या बाकासमोर एक लांबलचक काचेची टाकी येऊन बसली.

आत एकच मासा होता. ऑस्कर जातीचा, तळहाताहून मोठा, काळपट अंगावर शेंदरी डाग, आणि चेहरा असा की नुकतीच कुणीतरी त्याची झोपमोड केली आहे. दुसऱ्या दिवशी मौनी दुकान उघडून बघतात तर स्वारी तळाशी आडवी पडलेली. मेला की काय, असं त्यांना वाटलं. जवळ गेले तर डोळा फिरला. भाडेकरूनं दिलेले दाणे टाकले. माशानं एक तोंडात घेतला, चघळल्यासारखं केलं आणि थुंकला. तीन दिवस हेच चाललं. मौनींचा स्वतःचाही डबा न उघडता घरी परत जाऊ लागला.

शेवटी त्यांनी भर दुपारी दुकान बंद केलं आणि शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या बाईंकडे गेले. काय झालंय ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला, पण बाई समजूतदार होत्या.

"आजारी नाहीये तो, रुसलाय," बाई म्हणाल्या. "ऑस्करची जागा बदलली की तो रुसतो. थोडी कोळंबी देऊन बघा."

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. कोळंबी कच्ची हवी, गोठवलेली चालेल, पण मीठमसाला लागलेली अजिबात नको. वाटीभर टाकीच्याच पाण्यात तिचा बर्फ वितळू द्यायचा. मग धुवायची, सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा आणि एका घासात मावतील एवढे तुकडे करायचे. उरलेलं पाण्यात कुजू द्यायचं नाही. आणि रोज तर द्यायचीच नाही, आठवड्यातून दोनदा पुरे, नाहीतर लाडावतो आणि दाण्यांकडे ढुंकून बघत नाही.

घरी कोळंबीची पिशवी फ्रीजरमध्ये ठेवताना बायकोनं अडवलं. तिच्या मटारांशेजारी माशाचं खाणं ठेवायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. मौनी फ्रीजच्या दारात पिशवी धरून नुसते उभे राहिले. बोटं गारठली तरी हलेनात. मग तीच उठली, बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "यात ठेवा. आणि तुम्हाला माझ्यासाठी एवढं धावताना मी कधी बघितलं नाही हो."

मिश्या कोरायची एक जुनी कात्री मौनींनी कोळंबीसाठी वेगळी काढली. सकाळी तुकडा चिमट्यात धरून ते टाकीपाशी उभे राहिले. खुर्चीत गुरुजी बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक, गालाला साबणाचा फेस लावलेले. माशानं एका डोळ्यानं तुकड्याकडे बघितलं. उठला. जरा मागे सरला. आणि एकदम चिमट्यासकट ओढला.

"घेतली," मौनी मोठ्यानं म्हणाले.

गुरुजी दचकून वळले. त्यांनी मौनींचा आवाज इतका स्पष्ट पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांनी विचारलं, काय घेतली? मौनींनी सांगितलं. कच्चीच का? मौनींनी तेही सांगितलं. दाढी संपेस्तोवर काळ्या दोऱ्यापर्यंत सगळं सांगून झालं होतं, आणि गुरुजी घरी न जाता बाकावर जाऊन बसले, अजून एक तुकडा जातो का बघायला.

बातमी गल्लीभर झाली. कोळंबीच्या दिवशी बाकावर जागा मिळेना. लोक केस वाढायची वाट न बघता येऊ लागले. राजकारण, पाऊसपाणी, शेजाऱ्यांची भांडणं यांवर मौनी पूर्वीसारखेच गप्प, पण माशाचा विषय काढला की ते फुलायचे. समोरच्या मेव्हण्याला याची असूया नव्हती, उलट कौतुकच होतं. ते दाखवायच्या भरात त्यानं घोळ घातला.

हॉटेलातून लसूण घालून लोण्यात परतलेली कोळंबी त्यानं डबाभर आणली. मौनी मागे टॉवेल वाळत घालत होते. यानं निम्मा डबा टाकीत रिकामा केला. मासा काय, तुटून पडला. मौनी आत आले तर दुकानभर लसणाचा वास, पाण्यावर लोण्याचे चकाकते ठिपके, आणि मेव्हणा हसतमुख.

"काय टाकलंस तू हे?" मौनींनी विचारलं, आणि मग ते थांबलेच नाहीत. तेल काय करतं, मीठ काय करतं, माशाचं पोट केवढं असतं, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या जिवाच्या तोंडात काही घालू नये, सगळं एका दमात. बाकावरची माणसं खाली मान घालून ऐकत होती. मेव्हण्याच्या तोंडून शब्द फुटेना, आणि ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

"चुकलो, भाऊजी," तो एवढंच म्हणाला. "बादली कुठाय?"

दोघांनी मिळून उरलेले तुकडे जाळीनं उपसले, वरचा तवंग कागदानं टिपला, बरंचसं पाणी काढून ताजं भरलं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचे अर्धे केस कापायचे राहिले होते. तेही उठलं आणि बादल्या पोचवू लागलं.

मासा फुगला. तिरका तरंगायला लागला. बाईंनी सांगितलं, काही दिवस पोट रिकामं ठेवा, मग उकडलेला मटार साल काढून द्या, त्यानं पोट हलतं. मेव्हणा रोज आपलं दुकान उघडण्याआधी येऊन टाकीपाशी उकिडवा बसायचा. मटार घेऊन आली ती बायको, स्वतः, वाटीत झाकून. माशानं पहिला थुंकला, दुसरा गिळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं पोट साफ झालं. मेव्हण्यानं ही खूशखबर दारात उभं राहून समोरून जाणाऱ्या पोस्टमनला, दूधवाल्याला आणि दोन अनोळखी बायकांना सांगितली.

मासा सरळ पोहायला लागल्यावर मेव्हणा हळूच म्हणाला, मलाही एक टाकी हवी. सुट्टीच्या दिवशी दोघं बाईंकडे गेले. मौनींनी त्याच्यासाठी छोटे, चमकत्या पट्ट्याचे मासे निवडले आणि त्यांना चालतील अशा बारीक कोळंबीच्या गोठवलेल्या वड्या घेतल्या.

मेव्हण्याच्या सलूनमध्ये टाकी लागली, त्या पहिल्या दिवशी मौनींनी वडी वितळवून, गाळून, चिमूटभर टाकीत सोडली. मासे सगळे पानांमागे दडलेले. मेव्हणा त्यांची मनधरणी करू लागला. मौनींनी त्याला बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. एवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं आणि नंबर कुणाचा म्हणून विचारू लागलं. मेव्हण्यानं सरकून त्याला जागा करून दिली.

"बसा जरा," तो कुजबुजला. "त्यांचं जेवण व्हायचंय."