टोपीवरचं नाव

वैशाली नगरच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारे काका रोज सकाळी दिसतात. अंगात तोच विटलेला शर्ट, पण डोक्यावर रोज वेगळी टोपी. लाल, निळी, पिवळी; प्रत्येकीवर वेगळ्या ठेकेदाराचं नाव छापलेलं. चहा आला की टोपी काढायची, गुडघ्यावर झटकायची आणि नाव भिंतीकडे करून बाकावर ठेवायची.

मी एकदा हसत म्हटलं, "काका, टोप्यांचा मोठा शौक आहे तुमाले!"

"शौक?" त्यांनी ओठाला लावलेला ग्लास खाली घेतला. "हथखोजच्या एकाच कारखान्यात जिंदगी गेली, बाबू. मशीन तीच, शेड तीच. ठेकेदार तेवढा दर दोन-तीन सालानं बदले. नवा आला का विश्वकर्मा पूजेले नवी टोपी वाटे, अन् आमची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून धरे. केस पिकले, पण कागदावर मी कधी जुना झालोच नाई."

"मग ग्रॅच्युइटी?"

"ते जुन्या माणसाले भेटते."

माझं हसू तिथंच विरलं. एवढ्या रंगांच्या टोप्या, आणि एकाही नावाला हा माणूस आपला वाटला नव्हता.

परवा त्यांच्या डोक्यावर करकरीत हिरवी टोपी होती. मी विचारलं, "काका, पुन्हा कामावर?"

"नाई. पोरगा लागला, त्याच शेडमधी. टोपी त्याची आहे." त्यांनी ती काढली आणि दोन्ही हातांनी तिची कड हळूहळू वाकवली. "लई कडक आहे म्हणे, कपाळाले रुतते. चार दिवस घालून नरम करून देऊन राहिलो."