विश्रांती घेतलेले नाकतोडे

आमच्या सरांनी उभ्या जन्मात नाकतोड्याला हात लावला नव्हता, तरी नाकतोड्याच्या उड्डाणावर त्यांचे चार विद्यार्थी डॉक्टर झाले होते. टेबलावर बरणी आली की ते खुर्ची मागे सरकवत आणि पाठीमागच्या टॉवेलला हात पुसत. अशा माणसाची सही मला प्रबंधावर हवी होती, म्हणून मी तीन वर्षं त्यांच्या हो ला हो म्हटलं.

विषयात खोट नव्हती. नाकतोडा उडू लागला की आधी रक्तातली साखर जाळतो. ती आटत आली की मेंदूमागची एक बारीकशी ग्रंथी संप्रेरक सोडते, आणि त्याच्या हुकमावरून पोटातली साठवलेली चरबी रक्तात उतरते. पुढची सगळी मजल तिच्यावर. मला दाखवायचं होतं ते एवढंच, की बसून असलेल्याच्या रक्तात चरबी कमी आणि उडवलेल्याच्या रक्तात जास्त.

पण माझे बसलेले नाकतोडेही चरबीनं भरलेले निघत. सर म्हणाले, "तुमचा हात कच्चा आहे." मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला आणि रसायनं बदलली. पुन्हा तेच.

नाकतोडे आमच्या गावाहून, जानेफळहून येत. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सकाळी ते पकडून डबा एसटीच्या ड्रायव्हरकडे देत. तासाभरात मी झाकण उघडून लगेच रक्त काढायला बसे. डब्यात ते बसलेलेच तर असत, असा माझा उच्चशिक्षित हिशेब.

तिसऱ्या वर्षी भादव्यात गावी गेले, तेव्हा मोठे बाबा सोयाबीनच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काठीनं गवत झोडपत होते. नाकतोडे उडाले की ते मागे जात, पुन्हा उडवत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कितीतरी वेळ.

"हे काऊन करता मोठे बाबा?"

"अवं, ताजा नाकतोडा हाती लागते काय? उडू उडू दमला पायजे. मंग नुसता उचलून घ्या."

"तीन वर्सं असेच धरून राह्यले तुमी?"

"हाव. सारे असेच धरतात. तू इचारलं काय कधी?"

विचारलं नव्हतं. धुऱ्यावर लहानाची मोठी झालेली मी, आणि हे मला ठाऊक नसावं. स्वतःची लाज वाटली.

सरांना सगळं सांगितलं. नाकतोडे दोन दिवस पिंजऱ्यात बसवून काम पुन्हा करायचं, तर आणखी एक हंगाम हवा होता, आणि माझ्या नोंदणीची मुदत उन्हाळ्यातच संपत होती. सर हसले. "अहो, 'विश्रांती घेतलेले' असं लिहा. आकडे पुस्तकातल्यासारखे लावा. नाकतोडे काय साक्षीला येणार आहेत?"

ते हसणं मला अजून किळसवाणं वाटतं. लिहिलं मात्र मी, माझ्या हातानं, वळणदार अक्षरात.

तोंडी परीक्षेला मोठे बाबा इस्त्रीचं धोतर नेसून मागच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "प्रयोगाआधी किती विश्रांती दिली?" मी म्हणाले, "पूर्ण दोन दिवस." परीक्षकांनी मान डोलावली. सरांनी त्यांच्याहून जोरात डोलावली.

नंतर व्हरांड्यात पेढे वाटताना मोठे बाबा जवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना वाटलं, त्यांचे नाकतोडे कामाचे नव्हते म्हणून मी दुसरीकडून मागवले.

"बाई, ते दोन दिवस बसवलेले नाकतोडे तुले कोनं धरून देले?"

"होते एक जण," मी म्हणाले, त्यांच्या हातावर पेढा ठेवला, आणि सरांसारखीच हसले.